एका कान्याचा फरक

भाजी आणि भजी. लिहायला फक्त एका कान्याचा फरक. पण गिलकीची भाजी ताटात दिसताच ज्या पोराचं तोंड वाकडं होतं, तेच पोर गिलकीची भजी तळायला घेतली की ताटली घेऊन कढईपाशी उभं. गिलकी त्याच ठेल्यावरची, पावभराच्या त्याच पुडक्यातली. अर्धी भाजीत गेली, अर्धी भज्यांत. तेव्हा लहानपणीच्या नावडत्या पदार्थांची यादी काढायला बसलं की माझा पहिला संशय भाजीवर जात नाही, कढईवरच्या झाकणावर जातो.

गिलकी म्हणजे घोसाळं. इंदूरच्या मराठी घरांत 'घोसाळं' हा शब्द पुण्याचे पाहुणे आले की बाहेर निघतो, एरवी ठेल्यावर गिलकी आणि घरातही गिलकीच. शिरांचा दोडका असेल तर ती तुरई. मका म्हणजे भुट्टा, आणि शेव म्हणजे सेव. होळकरांची राजधानी 1818 साली इंदूरला आली, त्याला आता दोनशे वर्षं उलटली. तेवढ्या काळात नावं बदलली, पण चुलीवर मराठी आणि माळवी असं दोन्हीकडचं शिजत राहिलं. सकाळी पोह्यांवर सेव आणि जीरावन नावाचा मसाला, दुपारी साधं वरण-भात-तूप, आणि थंडीत संध्याकाळी गराडू हा तळलेला कंद. इथल्या मराठी मुलांच्या आवडीनिवडी या दोन्ही चुलींवर घडल्या.

आधी गिलकीचा निकाल लावू. या फळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. नेहमीची रीत अशी: फोडणी, त्यावर फोडी, लगेच मीठ, वर झाकण, गॅस बारीक. मीठ पडलं की फोडी पाणी सोडतात, झाकणामुळे ते पाणी उडत नाही, आणि वीस मिनिटांनी कढईत हिरवट पाण्यात पोहणारा गाळ उरतो. मुलं ज्याला 'लिबलिबीत' म्हणतात ते हेच. त्यात मिठाची आणखी एक फसगत आहे. अर्धा किलो गिलकी चिरल्यावर कढई शिगोशीग भरते, ते बघून हात सैल सुटतो, आणि शिजून भाजी निम्म्याहून कमी झाली की तेवढंच मीठ खारट लागतं. मग खारटपणा मारायला दाण्याचं कूट, कूट जास्त झालं म्हणून पुन्हा पाणी. अशी भाजी कोणत्या मुलाने आवडीने खावी?

ही भाजी लोखंडी कढईत, मोठ्या आचेवर आणि उघडी करायची. अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे तेल. तेल चांगलं तापलं की मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या सहा-सात लसूणपाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या. मग जाडसर फोडी टाकून पाच-सहा मिनिटं उलथण्याने वरखाली करत राहायचं. फोडींच्या कडा पारदर्शक दिसायला लागल्या की हळद, आणि मीठ अगदी शेवटी, उरलेला ढीग बघून: सपाट पाऊण चमचा पुरतो. वर दोन चमचे भाजलेलं बेसन भुरभुरलं की सुटलेलं थोडं पाणी ते पिऊन घेतं आणि भाजी फोडींना धरून राहते. निवडताना वीतभर लांबीची, अंगठ्यापेक्षा थोडी जाड, नख सहज रुतेल अशी गिलकी घ्यायची. मोठी, हलकी लागणारी आणि हलवली की बिया वाजणारी गिलकी भाजीच्या कामाची नाही. तिच्या आत जाळी धरलेली असते. हीच जाळी पूर्ण वाळली की अंग घासायला वापरतात, यावरून काय ते समजावं.

भज्यांत हेच पाणी उलट कामाला येतं. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या. चकत्यांना मीठ लावायचं नाही, कारण पाणी सुटलं की पीठ घसरून तेलात जातं आणि चकती नागडी वर येते. मीठ पिठातच. एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, हातावर चोळलेला अर्धा चमचा ओवा, तिखट, हळद, आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. अंदाजे अर्धी ते पाऊण वाटी पाणी थोडंथोडं घालत असं भिजवायचं, की चकती बुडवून उचलली तर पीठ सावकाश निथळेल पण चकतीचा हिरवा रंग झाकलेला राहील. सोडा नको, त्याने भजी तेल पितात. कढईत बाहेर कवच बनतं आणि आत चकती स्वतःच्याच पाण्यात दोन मिनिटांत वाफवून निघते. म्हणजे मुलांना आवडते तीही वाफवलेली, मऊ गिलकीच. फक्त तिचं पाणी कवचात कोंडलेलं असतं, ताटभर पसरलेलं नसतं.

कारल्याची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे मुलांची तक्रार खरी आहे. कडू चव म्हणजे विष असू शकतं हा इशारा माणूस जन्मतःच घेऊन येतो, आणि लहानपणी तो जास्त तीव्र असतो. म्हणून 'खाऊन तर बघ' याला काही अर्थ नाही. चिंच-गुळात बुचकळून कारलं गोड करणं हा उपाय मला कधी पटला नाही. कडू, आंबट आणि गोड असे तीन सूर एकदम लागतात आणि एकही धड ऐकू येत नाही. काप करावेत. पाव किलो कारली वरून हलकी खरवडून, बिया काढून, पातळ चकत्या, एक चमचा मीठ लावून वीस मिनिटं. नंतर हलक्या हाताने पिळायचं, कपडे पिळतात तसं नव्हे. मिठाने कडू रस थोडा निघतो हे खरं, पण मिठाचं मोठं काम जिभेवर होतं: खारट चव सोबत असली की कडूपणा कमी जाणवतो. म्हणून पिळून झाल्यावर खळखळून धुवायचं नाही, नाहीतर केलेलं काम मोरीत जातं. तव्यावर दोन-तीन चमचे तेल, मध्यम आच, पंधरा-अठरा मिनिटं, आणि झाकण अजिबात नाही. कडा तपकिरी होऊन चकत्या खुळखुळ वाजल्या की तिखट आणि चिमूटभर आमचूर. एवढं करूनही मुलाने नाही खाल्लं तर दोन वर्षांनी पुन्हा विचारावं.

शेपूबद्दल मी वाद घालत नाही. तो वास ज्याला आवडतो त्याला आवडतो.

आता आवडत्या गोष्टींकडे. पोह्यांवरून मराठी माणसाशी भांडण करायला इंदूरकर कायम तयार असतो, आणि मराठी असलेला इंदूरकर तर दोन्ही बाजूंनी भांडतो. कांदेपोह्यांत कांदा फोडणीत परतला जातो. इंदुरी पोह्यांत कांदा वरून, कच्चा, बारीक चिरलेला. दुसरा फरक वाफेचा. दुकानात पोह्यांचं मोठं तसराळं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बसवलेलं असतं, म्हणून सकाळी सातला केलेले पोहे दहालाही मऊ असतात. घरी मोदकपात्रात किंवा चाळणीत होतात. दोन वाट्या जाड पोहे चाळणीत नळाखाली धुवायचे, भिजवायचे नाहीत, आणि दहा मिनिटं निथळू द्यायचे. त्यांनाच अर्धा चमचा हळद, पाऊण चमचा मीठ, दीड चमचा साखर हलक्या हाताने चोळायची. फोडणीत मोहरीसोबत एक चमचा बडीशेप, अर्धा चमचा भरडलेले धणे, मिरची, कढीपत्ता. फोडणी पोह्यांवर ओतून आठ-दहा मिनिटं वाफ. पातळ पोहे घेतले तर वाफेत लगदा होतो, आणि निथळू दिले नाहीत तर खाली बसलेला थर चिकट गोळा होतो. वर सेव, कांदा, कोथिंबीर, लिंबू, डाळिंबाचे दाणे, आणि जीरावन. जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग, लवंग असला मसाला. पण तो शिजवताना घालायचा नसतो, वरूनच टाकायचा. फोडणीत गेला की आमचूर आणि काळं मीठ जळकं लागतं. सोबत जिलबी. गोड आधी की तिखट आधी, याचा निकाल अजून लागलेला नाही.

पण इंदूरच्या बालपणाचा राजा एकच: भुट्ट्याचा कीस. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं असतात, रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचा बाजार मांडला जातो, आणि त्यात कीस असतोच. इंदूरचं हिंदी बोलणारे लोकही त्याला 'कीस'च म्हणतात. किसणे हे क्रियापद मराठी, त्यामुळे या पदार्थाच्या नावात आपलं स्वयंपाकघर बसलेलं आहे, एवढं मी म्हणून घेतो.

कीस बिघडतो तो कढईत जायच्या आधीच, भुट्टा निवडताना. श्रावण-भाद्रपदात येणारा देशी पांढरा भुट्टा हवा. साल जरा सोलून दाण्याला नख मारायचं. नितळ पाणी उडालं तर भुट्टा फार कोवळा, किसाला अंग येणार नाही. नख बसलंच नाही, किंवा आत पिठूळ लागलं, तर तो निबर, भाजून खायलाही जड. दुधासारखा पांढरा थेंब आला की तो भुट्टा पिशवीत टाकायचा. आणि आणलेल्या दिवशीच किसायचा, कारण तोडल्यानंतरही दाण्यातल्या साखरेचं स्टार्च होत राहतं. दोन दिवस टोपलीत राहिलेला भुट्टा बेचव होतो तो म्हणूनच.

मध्यम आकाराच्या सहा भुट्ट्यांचा तीन-साडेतीन वाट्या कीस पडतो. भुट्टा उभा धरून किसणीच्या मोठ्या भोकांवर वरून खाली ओढायचा, गोल फिरवत. कणसाच्या पांढऱ्या दांड्यापर्यंत जायचं नाही, तिथला कीस भुशासारखा लागतो. किसून झालं की सुरीच्या उलट्या बाजूने कणीस खरवडायचं. दाण्यांच्या मुळाशी राहिलेलं घट्ट दूध तिथे असतं, आणि किसाची खरी चव त्यातच. मिक्सरला दाणे लावले तर काम पाच मिनिटांत होतं, पण पीठ पडतं. ते शिजून पिठल्यासारखं एकजीव होतं. किसणीने दाण्याचे तुकडे राहतात आणि सालं बरीचशी मागे कणसालाच अडकतात. फरक दाताला कळतो.

जाड बुडाच्या कढईत तीन मोठे चमचे तूप. तेलात करू नये, मक्याच्या गोडव्याला तूपच सोसतं. मोहरी, जिरं, पाव चमचा हिंग, चार मिरच्या आणि इंचभर आलं यांचं वाटण, चिमूटभर हळद. मग कीस. इथून पुढची पंधरा मिनिटं कढई सोडून जायचं नाही. मध्यम-मंद आचेवर परतत राहिलं की कीस आधी ओला गोळा होतो, बुडाला चिकटतो, उलथण्यालाही चिकटतो, आणि इथे घाबरून लोक दूध ओततात. हीच मोठी चूक. त्या वेळी आत स्टार्च कच्चं असतं. दूध पडलं की ते एकदम फुगतं, गुठळ्या होतात, आणि शिजूनही कच्च्या पिठाचा वास जात नाही. थांबायचं. खरवडत, परतत राहिलं की गोळा सुटायला लागतो, पांढरा रंग जाऊन मळकट पिवळा येतो, वास भाजलेल्या कणसाकडे झुकतो आणि कडेने तूप दिसायला लागतं. तेव्हा गरम दूध, सव्वा वाटी, दोन हप्त्यांत. गार दुधाने कढईची आच मोडते आणि कीस घट्ट गोळ्यात बसतो. दुधाबरोबर मीठ. दहा मिनिटं मंद आचेवर झाकून, मधून मधून हलवत, सगळं दूध मुरेपर्यंत. एक चमचा साखर. भुट्टा अगदी ताजा असेल तर तीही नको. लिंबू गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटून दाणेदार पांढरे कण दिसतात. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि पानात घेतल्यावर जीरावन.

आता ठेल्यावर बाराही महिने पिवळा स्वीट कॉर्न मिळतो आणि कीस त्याचाच होतो. 'लहानपणीची चव नाही' ही तक्रार इथे अगदी जागेवर आहे, तिला नुसता आठवणींचा उमाळा म्हणून उडवून लावू नये. साध्या मक्यात साखरेचं स्टार्च होत जातं. स्वीट कॉर्नमध्ये जनुकातल्या बदलामुळे ते अडलेलं असतं. त्यामुळे साखर जास्त, पाणी जास्त, आणि किसाला अंग देणारं स्टार्च कमी. जुन्या मापाने दूध घातलं तर खिरीचा धाकटा भाऊ तयार होतो. स्वीट कॉर्नच वापरायचा असेल तर दूध अर्धी वाटी, साखर शून्य, मिरच्या दोन जास्त, आणि परतायचा वेळ पाच-सात मिनिटांनी वाढवायचा. दोन चमचे रवा आधी तुपात भाजून त्यात मिसळला तर अंग थोडं येतं. पांढऱ्या भुट्ट्याची चव मात्र येत नाही.

गराडूचा हंगाम कीस संपल्यावर, थंडीचा. कोनफळाच्या कुळातला हा कंद बाहेरून मातकट आणि आतून पांढरा. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी तेलाचा हात. इंचभराचे तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडून कोरडे करायचे, एकदा मंद आचेवर तळायचे, गार झाले की वाटीने जरा दाबायचे आणि पुन्हा कडक तेलात. एकदाच तळले तर बाहेर लाल, आत घट्ट. ओले टाकले तर तेल उडतं. जीरावन, लिंबू, आणि हात भाजत खायचे. बाफल्यांवर, म्हणजे उकडून मग भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांवर, वेगळं लिहावं लागेल, इथे त्यांना जागा नाही.

काही नावडी मात्र कढईतल्या नसतात. दुधावरची साय घ्या. पेल्यातल्या गरम दुधावर साय दिसली की ओकारी काढणारं मूल तीच साय साखर घालून पोळीवर पसरून दिली की बोटं चाटतं. दूध तापताना पृष्ठभागावरचं पाणी उडतं, तिथली प्रथिनं स्निग्धांश धरून एकत्र येतात आणि पापुद्रा बनतो. तो पापुद्रा नको तेव्हा, न सांगता ओठाला चिकटतो, आक्षेप एवढाच. दूध गाळून, दोनदा वरखाली ओतून लगेच द्यावं. 'काही होत नाही सायीने' हे वाक्य कोणत्याही मुलाला आजवर पटलेलं नाही.

मुगाच्या खिचडीचंही तसंच. चवीत काहीही खोट नाही, पण ती कायम तापात समोर आली. 1955 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी किरणोत्साराने त्यांना आजारी पाडलं. नंतर उंदरांनी ते गोड पाणी टाळलं. पोट बिघडण्याचा दोष मेंदू शेवटी खाल्लेल्या चवीवर ढकलतो, आणि त्याला एकच प्रसंग पुरतो. म्हणून ताप-उलटीच्या दिवसांत मुलाचा आवडता पदार्थ 'निदान हे तरी खाईल' म्हणून देऊ नये. तो कायमचा नासू शकतो. आणि खिचडी बऱ्या दिवसांतही, पापड, कढी, लसणाच्या फोडणीसह, वरून तूप सोडून करावी, म्हणजे तिला आजाराचाच वास येत नाही.

एका बाबतीत मात्र मुलांच्या जिभेवर आधी विश्वास ठेवावा. दुधी, गिलकी, काकडी यांचं एखादं फळ कधी कधी जहरासारखं कडू निघतं. कारल्याचा कडूपणा ओळखीचा, हा वेगळा. कुकुर्बिटासिन नावाची द्रव्यं त्यात वाढलेली असतात, ती शिजवून जात नाहीत, मिठाने निघत नाहीत, आणि पोटात गेली तर उलट्या-जुलाब, वेळप्रसंगी रक्त पडण्यापर्यंत मजल जाते. कडू दुधीचा रस औषध म्हणून घोटणं तर सरळ धोक्याचं. जुन्या बायका चिरायच्या आधी देठाकडचा नखाएवढा तुकडा जिभेला लावून थुंकून टाकत, ती सवय सोडू नये. आणि ते विसरलं, भाजी झाली, वाढली, आणि मुलाने पहिल्याच घासाला 'कडू आहे' म्हणून ताट सरकवलं, तर त्याला दटावण्याआधी त्याच्या ताटातली एक फोड आपण चाखावी. कडू लागली तर सगळी कढई ओतून द्यावी, आणि त्या रात्री पोहे करावेत.